उमेदवार ठरवणार कोण?

निवडणुकीच्या हंगामात मतदाराला राजा म्हणण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. परंतु या राजासमोर जी नावे ठेवली जातात, ती त्याने निवडलेली नसतात. ती दुसऱ्याच कोणी, दुसऱ्याच ठिकाणी, बहुधा मध्यरात्रीनंतर आणि बंद दाराआड निश्चित केलेली असतात. मतदानाच्या दिवशी मतदार जो निर्णय करतो तो वस्तुतः दुसरा निर्णय होय. पहिला निर्णय त्याच्या अपरोक्ष होऊन गेलेला असतो. पहिल्या निर्णयात ज्याला स्थान नाही, त्याच्या दुसऱ्या निर्णयाचे मोल किती, हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्याच्या अलीकडच्या राजकारणाकडे पाहताना टाळता येत नाही.

२०२४ सालच्या लोकसभा निवडणुकीचेच उदाहरण घ्यावे. यवतमाळ-वाशिम मतदारसंघातील अर्ज भरण्याची मुदत ४ एप्रिल रोजी संपणार होती. श्रीमती भावना गवळी १९९९ पासून आधी वाशिमच्या आणि पुढे यवतमाळ-वाशिमच्या, अशा सलग पाच वेळा निवडून आलेल्या खासदार. एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेने त्यांना पुन्हा उमेदवारी द्यायची की नाही, याचा उलगडा मुदत संपण्याच्या अगदी तोंडावर झाला. गवळी यांना वगळण्यात आले आणि शेजारच्या हिंगोलीचे खासदार हेमंत पाटील यांच्या पत्नी राजश्री पाटील यांचे नाव पुढे आले. खुद्द हेमंत पाटील यांची हिंगोलीतील जाहीर झालेली उमेदवारी मागे घेण्यात आली होती. एका मतदारसंघातील अडचणीचे उत्तर दुसऱ्या मतदारसंघाने द्यावे, असा हा व्यवहार होता. विद्यमान खासदाराविषयीची सर्वेक्षणे प्रतिकूल असल्याची चर्चा तेव्हा झाली. परंतु ती सर्वेक्षणे कोणी केली, कोणाला विचारून केली, हे मतदाराला कधीच कळले नाही. पुढे २६ एप्रिलला मतदान झाले आणि दिग्रसचे माजी आमदार संजय देशमुख हे उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेच्या वतीने सुमारे ९४ हजार मतांनी विजयी झाले.

गवळी यांना बदलणे योग्य होते की अयोग्य, हा येथे मुख्य प्रश्न नाही. पंचवीस वर्षे प्रतिनिधित्व केल्यानंतर कोणालाही बदलण्याची मागणी मतदार करू शकतो. तो त्याचा अधिकारच आहे. प्रश्न आहे तो असा, की हा बदल ज्यांच्यासाठी करावयाचा त्यांना कोणी विचारले काय? पुसदच्या, राळेगावच्या, कारंजाच्या कार्यकर्त्याला आपला उमेदवार कोण हे वर्तमानपत्रातून समजत असेल, तर त्याला कार्यकर्ता म्हणावे की वाटेल त्याचा झेंडा उचलणारा मजूर?

या जिल्ह्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच बिकट होतो. २००८ सालच्या फेररचनेनंतर यवतमाळ जिल्हा लोकसभेच्या तीन मतदारसंघांत विभागला गेला. राळेगाव, यवतमाळ, दिग्रस आणि पुसद हे विधानसभा मतदारसंघ वाशिमबरोबर गेले. वणी आणि आर्णी चंद्रपूरला जोडले गेले. उमरखेड हिंगोलीत गेले. एकाच जिल्ह्याचा कापूस उत्पादक, एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीत खेटे घालणारा, तीन वेगवेगळ्या खासदारांकडे दाद मागतो. त्यातून उमेदवारीची चर्चा कधी मुंबईत, कधी दिल्लीत, कधी चंद्रपूर वा हिंगोलीच्या सोयीने होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर ज्याचे नाव दुर्दैवाने सर्वतोमुखी झाले, त्या जिल्ह्याला आपले दुःख जाणणारा माणूस स्वतः पारखून पाठविता येऊ नये, ही साधी विसंगती नव्हे.

चंद्रपूरचा २०१९ मधील प्रसंग या संदर्भात उद्बोधक आहे. काँग्रेसने तेथे प्रथम विनायक बांगडे यांचे नाव जाहीर केले. कार्यकर्त्यांत नाराजी उसळली आणि तत्कालीन प्रदेशाध्यक्ष अशोक चव्हाण यांनी एका कार्यकर्त्याशी बोलताना व्यक्त केलेली हतबलता ध्वनिफितीच्या रूपाने सर्वांसमोर आली. प्रदेशाध्यक्षाचेही जेथे चालत नाही, तेथे वणीच्या तालुकाध्यक्षाने काय आशा करावी? अखेर नाव बदलले गेले, शिवसेनेतून नुकतेच आलेले बाळू धानोरकर यांना उमेदवारी मिळाली आणि त्यांनी केंद्रीय मंत्री हंसराज अहीर यांचा पराभव केला. त्या वर्षी महाराष्ट्रात काँग्रेसला मिळालेली ही एकमेव जागा. जो निर्णय वरून आला तो चुकीचा ठरला असता, आणि जो दबाव खालून गेला त्याने पक्षाची लाज राखली, असाच याचा अर्थ निघतो. परंतु जे काम नियमाने व्हावयास हवे ते कोलाहलाने करून घ्यावे लागले, हेही विसरता येत नाही.

यावर उपाय काय? अमेरिकेचे उदाहरण नेहमी दिले जाते. तेथे पक्षाचा उमेदवार पक्षाध्यक्ष ठरवीत नाही. पक्षाच्या समर्थक मतदारांपुढे इच्छुकांना प्राथमिक निवडणूक लढवावी लागते. ही पद्धत तेथेही आकाशातून पडलेली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी, पक्षाच्या ठेकेदारांनी खोलीत बसून नावे ठरविण्याला विटलेल्या सुधारकांनी ती लढून मिळविली. विस्कॉन्सिन राज्य त्यात अग्रेसर होते. मराठी वाचकाला या पद्धतीचा एक जवळचा नमुना ठाऊक आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार यांनी २०१८ मध्ये मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक लढविली आणि ते तिसरे आले. २०२२ मध्ये त्यांनी डेट्रॉइट परिसरातील जागेसाठी पुन्हा तीच वाट धरली, नऊ उमेदवारांत सुमारे २८ टक्के मते मिळवून ते पहिले आले आणि पुढे काँग्रेसचे, म्हणजे तेथील संसदेचे, सदस्य झाले. परदेशातून आलेला, कोणत्याही घराण्याचा वारसा नसलेला मनुष्य पक्षश्रेष्ठींच्या कृपेवाचून उमेदवार होऊ शकला, ही त्या पद्धतीची थोरवी. परंतु त्यांनी प्रचारात स्वतःची मोठी रक्कम घातली होती, आणि दहापैकी सात मते इतरांना जाऊनही ते विजयी ठरले, ही त्याच पद्धतीची मर्यादा.

भारतात हा प्रयोग झालाच नाही असे नाही. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी राहुल गांधी यांच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातील मोजक्या मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदान घेऊन उमेदवार ठरविले. महाराष्ट्रात त्यांत लातूर आणि वर्धा होते. वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. परंतु प्रयोगाने नदी ओलांडली नाही. यवतमाळ-वाशिमला उमेदवारी रूढ मार्गानेच शिवाजीराव मोघे यांना मिळाली आणि ते पराभूत झाले. मात्र वर्ध्यातही फार वेगळे घडले, असे म्हणता येत नाही. मत देण्याचा अधिकार पक्षाचे पदाधिकारी, पक्षाचे स्थानिक लोकप्रतिनिधी आणि युवक व विद्यार्थी संघटनांचे प्रतिनिधी एवढ्यांपुरताच होता. सामान्य मतदार तर दूरच, साधा सभासदही बाहेर राहिला. निवड झाली ती तत्कालीन खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे यांची. सार्वत्रिक निवडणुकीत भारतीय जनता पक्षाच्या रामदास तडस यांनी त्यांचा पराभव केला आणि काही महिन्यांतच मेघे कुटुंब भाजपमध्ये दाखल झाले. २०१९ मध्ये वर्ध्याची उमेदवारी पुन्हा जुन्या रीतीने ठरली; ती चारुलता टोकस यांना, म्हणजे ज्येष्ठ नेत्या प्रभा राव यांच्या कन्येला मिळाली. मतदान घेतले तरी घराणे, न घेतले तरी घराणे!

बडोद्यात तर याहून विपरीत प्रकार घडला. तेथे याच प्रयोगातून नरेंद्र रावत निवडले गेले होते. नरेंद्र मोदी तेथून उभे राहणार हे स्पष्ट होताच रावत बाजूला झाले आणि मधुसूदन मिस्त्री यांना आणण्यात आले. श्रेष्ठींनी दिलेला अधिकार श्रेष्ठींच्या सोयीने परत जातो, हा धडा त्यातून कार्यकर्त्यांनी घेतला असल्यास नवल नाही. त्या वर्षी पक्षाच्या देशभरात ४४ जागा आल्या, आणि पराभवाच्या ढिगाऱ्याखाली हा प्रयोगही गाडला गेला. वास्तविक त्या पराभवाचे कारण हा प्रयोग नव्हता. जे बी अर्धवट ओलीत पेरले ते उगवले नाही, म्हणून पेरणीच चुकीची ठरविणे हे कोणत्याही शेतकऱ्याला पटणार नाही.

खरे दुखणे खोल आहे. पक्षाच्या चिन्हावर कोण लढणार हे ठरते ते एबी फॉर्मने. आणि त्या कागदावर सही करण्याचा अधिकार ज्याच्या हाती, तोच मतदारसंघाचा खरा स्वामी. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने निवडून आलेल्या सदस्याला पक्षादेशाशी बांधले. त्या कायद्याचा हेतू स्तुत्य होता. परंतु परिणामी तिकीटही पक्षनेत्याचे आणि सभागृहातील मतही पक्षनेत्याचे, अशी स्थिती झाली. मतदाराच्या वाट्याला उरले ते केवळ पाच वर्षांतून एकदा बटन दाबणे. काँग्रेससारख्या जुन्या पक्षात १९७२ नंतर संघटनात्मक निवडणुका झाल्या त्या थेट १९९२ मध्ये. इतर पक्षांची कथा फारशी निराळी नाही. विधी आयोगाने १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पक्षांतर्गत लोकशाहीसाठी कायदेशीर तरतुदी सुचविल्या. त्या कागदावरच राहिल्या. जे पक्ष देशात लोकशाही चालवू इच्छितात, ते आपल्या घरात तिला ओसरीवरही बसू देत नाहीत.

याच जिल्ह्याने एके काळी वेगळा क्रम पाहिला आहे. वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले ते १९६३ मध्ये. परंतु त्यापूर्वी ते पुसदचे नगराध्यक्ष होते. तो काळ निर्दोष होता असे नव्हे. तेव्हाही गट होते, जातींची गणिते होती, श्रेष्ठींचा शब्द होता. तथापि वर जाणाऱ्याला खालच्या पायऱ्या चढाव्या लागत आणि लोकांनी त्याला जवळून पाहिलेले असे. मध्यंतरी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकाच वर्षानुवर्षे लांबणीवर पडल्याने त्या पायऱ्याही मोडल्या. शिडी नसली की वर पोचण्यासाठी वरून सोडलेला दोरच धरावा लागतो.

प्राथमिक निवडणुकीविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की बोगस सभासद नोंदवून धनवान इच्छुक ती खिशात घालील. दुसरा असा, की आपापसांतील लढतीने पक्ष दुभंगेल. दोन्ही आक्षेप पोकळ नाहीत. परंतु पैशाचा जोर बंद खोलीत कमी असतो, असे कोण म्हणेल? तेथे तर तो दिसतही नाही. आणि आज उमेदवारी नाकारलेल्यांच्या बंडखोरीने पक्ष दुभंगतच आहेत. निदान मोजलेल्या मतांनी हरलेल्याला अन्याय झाल्याचे सांगत हिंडता येणार नाही.

येथे सुशिक्षित वर्गाच्या एका विशेष अडचणीचा विचार केला पाहिजे. शासकीय सेवेतील लिपिक किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक सेवानियमांमुळे कोणत्याही पक्षाचा सभासद होऊ शकत नाही. मतदान केंद्रावर रात्र काढून निवडणूक पार पाडणारा हा वर्ग उमेदवार ठरविण्याच्या प्रक्रियेतून कायमचा बाद आहे. सभासदांपुरती प्राथमिक निवडणूक त्याला काहीच देणार नाही. इंग्लंडमध्ये २००९ साली हुजूर पक्षाने टॉटनेस मतदारसंघात पक्षभेद न पाहता सर्व मतदारांना टपालाने मतपत्रिका पाठविल्या. त्यातून सारा वोलास्टन या डॉक्टर बाईंची निवड झाली आणि पुढच्या वर्षी त्या निवडूनही आल्या. त्या गुप्त मतपत्रिकेत शिक्षकालाही स्थान होते आणि सरकारी नोकरालाही. ही पद्धत खर्चिक आहे. परंतु एका प्रचारसभेच्या मंडपावर, गाड्यांवर आणि फलकांवर जो पैसा उधळला जातो त्याच्या मानाने तो खर्च असह्य म्हणता येणार नाही.

सर्व मतदारसंघांत हे एकाएकी होणार नाही, हे उघड आहे. तोवर किमान काही गोष्टींचा आग्रह धरणे कठीण नाही. प्रत्येक पक्षाने तालुकावार सभासदांची यादी जाहीर करावी. इच्छुकांची नावे मतदानाच्या किमान दोन महिने आधी प्रसिद्ध व्हावीत, आणि त्या सर्वांनी प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एकाच व्यासपीठावरून कापसाचा भाव, सिंचन, रेल्वे, आदिवासी आश्रमशाळा यांविषयी प्रश्नांना उत्तरे द्यावीत. सभासदांचे मतदान गुप्त असावे आणि त्याचा निकाल आकड्यांनिशी सांगितला जावा. श्रेष्ठींना तो डावलावयाचा असल्यास त्यांनी कारणे लेखी द्यावीत. यांपैकी एकाही गोष्टीसाठी घटनादुरुस्तीची गरज नाही. इच्छा तेवढी हवी.

ती इच्छा पक्षांच्या ठायी आपोआप उपजणार नाही, कारण हातची सत्ता कोणी आपण होऊन सोडीत नाही. चंद्रपुरात २०१९ मध्ये ती कार्यकर्त्यांच्या संतापाने तात्पुरती सोडवून घेतली. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सेवानियमांचे बंधन नाही. त्यांनी पुढच्या निवडणुकीच्या आधी प्रत्येक पक्षाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन एकच प्रश्न विचारावा: तुमचा उमेदवार कोण ठरवितो, आणि कसा? या प्रश्नाचे उत्तर द्यावयास जो पक्ष कचरेल, त्याला मत मागताना लोकशाहीचे नाव घेण्याचा अधिकार उरत नाही.