पिल्लू घराचं, की एकट्या आईचं?

बोईसरला काय, पालघरला काय, गल्लोगल्ली पिल्लं दिसतात. रिक्षा स्टँडमागे, कारखान्याच्या गेटपाशी, चाळीच्या जिन्याखाली. त्यातलं एखादं लंगडणारं पिल्लू मुलं उचलून घरी आणतात आणि ‘आई, ठेवूया ना!’ सुरू होतं. मुलांची माया खरीच असते. पण पुढची दहा-बारा वर्षं त्याचं खाणं, फिरवणं, औषधपाणी कोण बघणार, हे त्या दिवशी कुणी विचारत नाही. उत्तर ठरलेलंच असतं ना!

रस्त्यावरचं पिल्लू जरूर दत्तक घ्यावं, असंच माझं मत आहे. हजारो रुपये मोजून दाट केसांचा विदेशी कुत्रा आणायचा आणि आपल्या दमट उकाड्यात त्याला धापा टाकायला लावायचं, त्यापेक्षा इथल्या हवेला सरावलेला गावठी बरा. ‘गावठी शिकत नाही’ म्हणणाऱ्यांना सांगा, १९५७ साली रशियाने अंतराळात पाठवलेली लायका मॉस्कोच्या रस्त्यावरचीच होती. बिचारी परत आली नाही, पण शिकली होती सगळं.

कुत्रा शिकतो, घराला शिकवावं लागतं! आजी वाडवळीत हाक मारणार, बाबा हिंदीत दरडावणार, मुलं ‘सिट, सिट’ ओरडणार. त्या जिवाने ऐकायचं कुणाचं? एका गोष्टीला सगळ्यांनी एकच शब्द वापरावा. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर त्याला ठरलेल्या जागी न्यावं. तिथे शी-शू केली की लगेच शाबासकी आणि एखादा तुकडा द्यावा. घरात केलं तर मुकाट्याने पुसावं. मारलं तर ते लपून करायला शिकतं, एवढंच. हाताला दात लावले की खेळ थांबवावा. खाताना त्याला मुलांनी हात लावू नये. कांदा, चॉकलेट, शिजवलेली हाडं त्याला देऊ नयेत.

घरी आणल्यावर आधी जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. जंताचं औषध, तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस आणि पुढे नसबंदी, यात टाळाटाळ नको. कुत्रा चावला किंवा दात लागून ओरखडा आला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. हळद-मिरची लावत बसू नका.

खरी परीक्षा सहा महिन्यांनी असते. पिल्लाचं गोडपण ओसरतं, चपला कुरतडल्या जातात. तारापूर एमआयडीसीत नवऱ्याची रात्रपाळी, मुलांचे क्लास, आणि साखळी बाईच्या हातात. मग कुणीतरी म्हणतं, ‘लांब सोडून येऊ.’ महिला मंडळाच्या कामात मी हे अनेक घरांत पाहिलंय. घरात वाढलेल्या कुत्र्याला दुसऱ्या गल्लीतले कुत्रे फाडतात, नाहीतर तो गाडीखाली जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात दत्तक घ्यायला मुभा दिली, पण बजावलंही, की घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येता कामा नये.

पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट आपण मुलांना कौतुकाने सांगतो. पण घरात ती वाटी घेऊन रोज एकटीनेच का धावायचं? म्हणून पिल्लू उंबऱ्याच्या आत येण्याआधी कामं वाटून घ्या. सकाळी कोण फिरवणार, खर्च कोण करणार, गावी गेल्यावर कोण सांभाळणार, हे कागदावर लिहून भिंतीला लावा.

आणि मैत्रिणींनो, हे जमणार नसेल तर सरळ ‘नाही’ म्हणा. असं म्हणणारी बाई निर्दय नसते. दारातल्या कुत्र्याला पाणी ठेवणं, गल्लीतल्या कुत्र्यांच्या नसबंदी-लसीकरणासाठी नगरपरिषदेकडे, ग्रामपंचायतीकडे चार जणींनी मिळून अर्ज देणं, हीसुद्धा भूतदयाच. हौसेने आणून वर्षभरात रस्त्यावर सोडण्यापेक्षा ती कितीतरी खरी!