परक्यासाठी घडविलेली बेडी

अमेरिकन लोकशाहीची थोरवी गाणाऱ्यांच्या लेखी १७९८ हे वर्ष म्हणजे एक किरकोळ अपवाद असतो. राष्ट्र नवे होते, फ्रान्सशी युद्ध जुंपण्याचा प्रसंग होता, राज्यकर्ते घाबरले, काही कडक कायदे झाले आणि १८०० च्या निवडणुकीत मतदारांनी ती चूक दुरुस्त केली, अशी ही सोयीची कथा आहे. ती अर्धीच खरी आहे. तिच्यातून जो अर्धा भाग वगळला जातो, त्याची झळ २०२५ साली व्हेनेझुएलाच्या स्थलांतरितांना लागली. म्हणूनच त्या कायद्यांचा इतिहास पुन्हा तपासणे अगत्याचे आहे.

१८ जून ते १४ जुलै १७९८ या चार आठवड्यांत एकापाठोपाठ चार कायदे झाले. राष्ट्राध्यक्ष होते जॉन अ‍ॅडम्स आणि सत्ता होती फेडरलिस्ट पक्षाची, म्हणजे मुख्यतः किनारपट्टीवरील व्यापारी, सावकार आणि त्यांच्या आश्रितांची. पहिल्या कायद्याने नागरिकत्वासाठी आवश्यक असलेला वास्तव्याचा काळ पाच वर्षांवरून चौदा वर्षांवर नेला. दुसऱ्याने राष्ट्राध्यक्षांना ‘धोकादायक’ वाटेल त्या परदेशी माणसाला खटल्यावाचून हद्दपार करण्याचा अधिकार दिला. तिसऱ्याने युद्धाच्या किंवा आक्रमणाच्या काळात शत्रुराष्ट्राच्या प्रजाजनांना पकडण्याची व घालवून देण्याची मुभा दिली. चौथा राजद्रोहाचा कायदा. सरकार, संसद अथवा राष्ट्राध्यक्ष यांच्याविरुद्ध द्वेषमूलक लिखाण केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार डॉलरपर्यंत दंड. भाषणस्वातंत्र्याची हमी देणारी पहिली घटनादुरुस्ती होऊन तेव्हा उणीपुरी सात वर्षे झाली होती.

या चौथ्या कायद्याची रचनाच बोलकी आहे. राष्ट्राध्यक्षांना त्याचे संरक्षण होते, उपाध्यक्षांना नव्हते. कारण उपाध्यक्षपदी विरोधी पक्षाचे नेते थॉमस जेफर्सन होते. कायद्याची मुदत ३ मार्च १८०१ रोजी, म्हणजे अ‍ॅडम्स यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस संपणार होती. उद्या विरोधक सत्तेवर आले तर हे शस्त्र त्यांच्या हाती पडू नये, याची तजवीज आधीच करून ठेवलेली होती! राष्ट्ररक्षणासाठी केलेला कायदा पक्षाच्या पंचांगावर चालत नाही.

परदेशी माणसावरच प्रथम रोख का? कारण तो गरीब होता आणि विरोधकांचा मतदार होता. इंग्रजांच्या दडपशाहीतून निसटलेले आयरिश, इंग्लंडमधील परागंदा प्रजासत्ताकवादी, फ्रेंच निर्वासित यांपैकी जे राजकारणात पडत, ते बहुतांशी जेफर्सनच्या बाजूला जात. चौदा वर्षांची अट घातली म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या किमान तीन निवडणुका नवागत मतपेटीपासून दूर राहतो, असा हा सरळ हिशेब होता. संसदेत सरकारच्या जमाखर्चाची चिरफाड करणारे अल्बर्ट गॅलाटिन जिनिव्हात जन्मलेले होते, तर सरकारवर तुटून पडणारे मॅथ्यू लायन हे करारबद्ध मजूर म्हणून आलेले आयरिश.

राष्ट्ररक्षणाची भाषा बाजूला सारून खजिन्याकडे पाहिले की चित्र अधिक स्पष्ट होते. १७९० पासून अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या योजनेनुसार सट्टेबाजांनी सैनिकांकडून कवडीमोलाने घेतलेल्या सरकारी रोख्यांची दर्शनी किमतीने भरपाई चालू होती. त्यात १७९८ साली सैन्यवाढीचा खर्च आला. तो भागविण्यासाठी घरे, जमीन आणि गुलाम यांवर वीस लाख डॉलरचा प्रत्यक्ष कर बसविण्यात आला आणि आठ टक्के व्याजाने कर्ज उभारण्यात आले. कराचा कायदा मंजूर झाला १४ जुलै रोजी, आणि राजद्रोहाचा कायदाही त्याच दिवशी! एका हाताने शेतकऱ्याच्या घराची मोजदाद करायची आणि दुसऱ्या हाताने त्याच्या तोंडाला कुलूप लावायचे, हे एकच धोरण होते. १७९९ साली पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांनी हा कर रोखला, तेव्हा त्यांचे पुढारी जॉन फ्रीस यांना देशद्रोहाबद्दल फाशीची शिक्षा फर्मावण्यात आली. पुढे अ‍ॅडम्स यांनी ती माफ केली.

या कायद्याचे समर्थक एक मुद्दा हमखास पुढे करतात. आरोपीला आपले विधान सत्य असल्याचे सिद्ध करण्याची मुभा होती, म्हणून हा कायदा जुन्या इंग्रजी कायद्यापेक्षा उदार होता, असे ते म्हणतात. थॉमस कूपर यांचा खटला या उदारतेचे मोल सांगतो. इंग्लंडातून आलेल्या आणि पुढे अर्थशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या या गृहस्थांचा गुन्हा काय? कायमचे सैन्य पोसणे आणि शांततेच्या काळात आठ टक्क्यांनी कर्ज काढणे या धोरणावर त्यांनी टीका केली होती. व्याजाचा दर तर खराच होता! परंतु न्यायमूर्ती सॅम्युएल चेस यांनी प्रत्येक आरोप सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकला. धोरण शहाणपणाचे आहे की नाही, हे साक्षीपुराव्याने कोण सिद्ध करणार? १८०० साली कूपर यांना सहा महिने कैद आणि चारशे डॉलर दंड झाला.

शिक्षेच्या तराजूचा काटाही संपत्तीकडेच झुकत होता. मॅसॅच्युसेट्समधील डेडहॅम येथे सरकारविरोधी फलक लावलेला ‘स्वातंत्र्यस्तंभ’ उभा राहिला. त्या प्रकरणातील सुखवस्तू आरोपी बेंजामिन फेअरबँक्स यांना सहा तासांची कैद आणि पाच डॉलर दंड झाला. जमिनीच्या सट्टेबाजांविरुद्ध गावोगाव बोलत फिरणारा निर्धन डेव्हिड ब्राउन मात्र अठरा महिने तुरुंगात गेला. दंड भरण्याची ऐपत नसल्याने मुदत संपल्यावरही तो आतच राहिला. न्यायमूर्ती तेच होते, चेस.

आता कोणी म्हणेल की जुन्या इतिहासग्रंथांत दोषी ठरलेल्यांची संख्या दहाच्या आसपासच आहे, आणि हद्दपारीच्या कायद्याखाली तर एकालाही विधिवत घालविले गेले नाही. पण दहशतीचे मोजमाप शिक्षांच्या संख्येने होत नसते. फ्रेंच विद्वान व्होल्नी यांच्यासह अनेकांनी वेळीच जहाज गाठले. ज्याला न सांगता जावे लागते, त्याचे नाव कोणत्याही न्यायालयाच्या दप्तरात चढत नाही.

मतदारांनी उत्तर दिले, हे निर्विवाद आहे. लायन यांना राजद्रोहाबद्दल चार महिन्यांची कैद झाली, तेव्हा व्हरमाँटच्या मतदारांनी त्यांना तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिले. १८०१ मध्ये जेफर्सन सत्तेवर आले आणि त्यांनी शिक्षा झालेल्यांना माफी दिली. १८०२ साली पाच वर्षांची अट परत आली. लायन यांचा दंडही १८४० मध्ये त्यांच्या वारसांना परत मिळाला. उदारमतवाद्यांची कथा येथे सुखान्त होते.

परंतु दोन गोष्टी तशाच राहिल्या. १७९० च्या मूळ कायद्याने नागरिकत्वाचे दार केवळ ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं’साठी उघडले होते. गुलामांचे मालक असलेल्या जेफर्सन यांना त्यात वावगे दिसले नाही. याच शब्दांच्या आधारे १९२३ साली अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांचे नागरिकत्व नाकारले, आणि त्यानंतर त्यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांना स्वतःचे नागरिकत्व वाचविण्यासाठी न्यायालयात लढावे लागले. पंडित जिंकले, इतर अनेक भारतीयांनी ते गमावले.

दुसरी गोष्ट म्हणजे शत्रुराष्ट्राच्या प्रजाजनांविषयीचा तो तिसरा कायदा. जेफर्सनच्या पक्षाने त्याला फारसा विरोध केलाच नव्हता. युद्धकाळापुरता आहे, असू द्या, असे त्यांना वाटले. तो १८१२ च्या युद्धात वापरला गेला, दोन्ही महायुद्धांत वापरला गेला. जर्मनीच्या शरणागतीला तीन वर्षे लोटल्यावरही, १९४८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने त्याखालची हद्दपारी उचलून धरली. मार्च २०२५ मध्ये कोणतेही युद्ध घोषित झालेले नसताना, एका गुन्हेगारी टोळीच्या कारवायांना ‘आक्रमण’ ठरवून राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तोच कायदा बाहेर काढला. व्हेनेझुएलाच्या शंभराहून अधिक माणसांना कसलीही सुनावणी न देता एल साल्वादोरच्या तुरुंगात धाडण्यात आले. आधी सूचना आणि दाद मागण्याची संधी दिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये बजावले, तोवर विमाने केव्हाच उतरली होती.

नागरिकाचे तोंड बंद करणारा कायदा अडीच वर्षांत मेला. परक्याला बांधणारा सव्वादोनशे वर्षे टिकला. कारण उघड आहे. नागरिकाला मत होते, परक्याला नव्हते. ज्यांनी १८०० मध्ये विजय मिळविला त्यांनी आपल्या पायांतील बेडी तोडली आणि शेजारच्या माणसाची तशीच ठेवली.

लोकमान्य टिळकांवरील १८९७ आणि १९०८ च्या खटल्यांपासून ‘राजद्रोह’ या शब्दाची धार मराठी माणसाला माहीत आहे; तो कायदा आणि अ‍ॅडम्स यांचा कायदा एकाच इंग्रजी मुळातून फुटलेले आहेत. टिळकांच्या बाजूने उभे राहणे आपल्याला सोपे जाते, कारण टिळक आपले आहेत. समाजवादी कार्यकर्त्याची कसोटी लागते ती मत नसलेल्या, भाषा वेगळी असलेल्या आणि शेजाऱ्यांनाही नकोशा झालेल्या मजुराला उचलून नेले जाते तेव्हा. त्याला निदान सुनावणी मिळाली पाहिजे, एवढीही मागणी जी चळवळ करीत नाही, ती आपल्याच अटकेचा मसुदा वाचल्यावाचून संमत करीत असते.