खांदशेकणी एका सांजेपुरती नको

पोळ्याच्या आदल्या सायंकाळी पांढरकवडा परिसरात गावोगावी बैलांची खांदशेकणी होते. बैलाच्या मानेला कोमट पाणी, हळद आणि तूप किंवा तेल लावले जाते, पळसाच्या पानाने खांदा हळुवार शेकला जातो आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण त्याला दिले जाते. ज्या खांद्याने वर्षभर जू वाहिले त्याच्याविषयीची ही कृतज्ञता होय. प्रथा उत्तम आहे. तथापि तिच्यात एक उणीव आहे. खांदा शिणतो रोज आणि शेक मिळतो वर्षातून एकदा.

शिवाय ती सांज येते श्रावणाच्या अखेरीस. बैलाच्या खांद्यावर खरा भार पडतो तो ज्येष्ठ-आषाढात. उन्हाळ्यात बराच काळ बसून असलेल्या बैलाची मानेवरची कातडी मऊ पडलेली असते. पहिला पाऊस येताच वखर, तिफण आणि त्यामागोमाग डवरा असे काम एकदम अंगावर येते. काळी माती ओली झाली की अवजाराला चिकटते व ओढ वाढते. भिजलेल्या कातडीवर जू घासते, प्रथम तेथे ऊब जाणवते, मग सूज येते आणि शेवटी कातडी सोलवटून जखम होते. खांदा आलेला बैल ऐन डवरणीत गोठ्यात बसला की कपाशीत तण माजते. पोळ्याला तूप चोळून हे गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

या बाबतीत घोड्याचे नशीब बैलापेक्षा बरे म्हणावे लागेल. पागेमध्ये घोड्याला खरारा करणे व त्याचे अंग चोळणे हे मोतद्दाराचे नित्याचे काम समजले जाई. त्यासाठी सणाची वाट पाहिली जात नसे. परदेशांत आज घोड्यांना हाताने मालीश करून त्यांचा शीण घालविणे हा एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांवरील निरीक्षणे १९९३ साली प्रसिद्ध झाली. घोडे एकमेकांना मानेच्या मुळाशी जेथे खाजवितात, त्याच जागी माणसाने हात फिरविला असता हृदयाचे ठोके मंदावतात, असे त्यांत दिसून आले. गाईंच्या बाबतीतही ऑस्ट्रियातील संशोधकांनी २००८ साली असेच नोंदविले. मानेखाली चोळले असता गाय मान लांबवते, कान सैल सोडते आणि पुढे माणसाला कमी बुजते. गाय ज्या स्पर्शाने निवते, त्याने बैल निवणार नाही असे मानण्यास कारण नाही.

म्हणून खांदशेकणीचा हात रोजच्या कामाचा भाग झाला पाहिजे. त्यास फार वेळ लागत नाही व खर्च तर नाहीच. जू उतरल्यावर बैलास सावलीत उभे करावे, दम खाऊ द्यावा व पाणी दाखवावे. त्यानंतर ओल्या फडक्याने मानेवरचा घाम व माती पुसून कातडी कोरडी करावी. बैलाच्या बाजूस उभे राहून, त्यास हाक देऊन, प्रथम तळहात खांद्यावर नुसता टेकवावा. मग कानामागून वशिंडाकडे, केसांच्या दिशेने, संथपणे हात फिरवावा. बोटे रुतवू नयेत; सपाट तळव्याचा दाब पुरेसा आहे. पुढे पाठ, फरा आणि पाय चोळीत खुरांपर्यंत यावे. मान खाली येणे, कान लोंबणे, डोळे अर्धवट मिटणे व रवंथ सुरू होणे या खुणा दिसल्या म्हणजे बैल निवला असे समजावे. तो शेपटी आपटू लागला, कातडी थरथरवू लागला किंवा बाजूला सरकू लागला, तर त्या जागी दुखते आहे असे जाणून हात थांबवावा.

या कामाचा सर्वांत मोठा लाभ चोळण्याहून वेगळाच आहे. रोज फिरणारा हात दुखणे लवकर ओळखतो. डाव्या खांद्यापेक्षा उजवा उष्ण लागला, कोठे गाठ लागली, गोचीड सापडला किंवा खुरांच्या बेचक्यात खडा अडकलेला मिळाला, तर उपाय त्याच दिवशी होतो. जूची एखादी कड घासते किंवा जोडीतील बैलांची उंची जुळत नाही, हेही खांदाच सांगतो. अशा वेळी जू रंधून गुळगुळीत करणे हाच खरा इलाज होय. घासणारे जू तसेच ठेवून कितीही मालीश केले तरी ते व्यर्थ आहे. उन्हाळ्यानंतर पहिल्या आठवड्यात काम थोडे थोडे वाढवीत नेणे, हेही तितकेच आवश्यक आहे.

मात्र हात केव्हा लावू नये, हेही गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस स्पष्ट सांगावे. ताजी, गरम सूज चोळू नये. तिच्यावर थंड पाण्याची धार धरावी. शेक द्यावयाचा तो जुन्या, थंड व ताठरलेल्या भागास, आणि तोही पाणी आपल्या दंडावर पाहून. उघडी जखम चोळू नये व तिच्यावर जूही ठेवू नये. पावसाळ्यात ताप येऊन फऱ्यावर सूज आली आणि दाबल्यास ती चरचर वाजली, तर तो फऱ्या रोग असू शकतो. घशाखाली सूज व श्वासास त्रास असेल तर घटसर्पाचा संशय घ्यावा. येथे मालिशीत घालविलेला तास जनावराचा जीव घेऊ शकतो. पशुवैद्यकास तात्काळ बोलवावे. या दोन्ही रोगांची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी. लम्पीची साथ २०२२ साली महाराष्ट्राने अनुभवली आहे. अंगावर गाठी असलेल्या जनावराचे फडके व खरारा दुसऱ्यास वापरू नये आणि हात साबणाने धुवावेत.

खांद्याच्या सुजेवर तापल्या लोखंडाने डाग देण्याची रीत अजूनही कोठे कोठे आढळते. ती सोडून देणेच इष्ट होय. डागाने आतील सूज उतरत नाही. वर मात्र भाजल्याची दुसरी जखम होते व पावसाळी दिवसांत तीत अळ्या पडतात. डाग दिल्यावर बैलास सक्तीची विश्रांती मिळते आणि तिनेच तो बरा होतो, पण श्रेय डागास जाते. तीच विश्रांती डागाविना दिली तर काय बिघडते?

इतका वेळ कोणापाशी आहे, असा आक्षेप घेतला जाईल. ट्रॅक्टर आल्यापासून बैलच कमी होत चालले, मग हा खटाटोप कशाला, असेही म्हटले जाईल. पण उभ्या कपाशीतील डवरणी बहुतेक लहान शेतकऱ्यांकडे आजही बैलच करतात. बैल कमी झाल्यामुळेच पूर्वीसारखी शेजाऱ्याची जोडी मागून काम भागत नाही. ज्याच्यापाशी एकच जोडी आहे, त्याने तिच्यासाठी दिवसाकाठी पाऊण घटका काढणे हा हिशेबाचाच भाग आहे.

कायद्याचेही हेच म्हणणे आहे. जखमी अथवा अन्य कारणाने अपात्र जनावरास कामास जुंपणे हा १९६०च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमानुसार गुन्हा आहे. ओढकामाच्या जनावरांविषयीचे १९६५चे नियम दिवसाकाठी एकूण ९ तासांहून अधिक आणि सलग ५ तासांहून अधिक काम मना करतात. ३७ अंशांहून अधिक तापमान असताना दुपारी १२ ते ३ या वेळात जनावर जुंपण्यास आणि टोकदार आर लावलेली तुतारी वापरण्यासही त्यांत बंदी आहे. यवतमाळ जिल्ह्यातील उन्हाळा ध्यानी घेता हा नियम प्रत्येक गोठ्यात माहीत असावयास हवा. परंतु जो मालक रोज खांद्यावरून हात फिरवितो, त्याला कायदा सांगावा लागत नाही.

पोळ्याची खांदशेकणी बंद करावी असे कोणी म्हणणार नाही. ती अवश्य व्हावी. फक्त त्या सायंकाळी बैलाच्या मानेला लागणारा हात त्याच्या ओळखीचा असावा. मृगाच्या पहिल्या जुंपणीपासून तो रोज लागत आलेला असेल, तर पोळ्याला तूप लावताना खांद्यावर झाकावयास जखम उरणार नाही.