पाणंदीतून सायकल

गड्डा उरकला, सोलापुरातली गर्दी ओसरली, बागांतले घड भरत आले, आणि आमचा पुण्याचा पुतण्या दोन दिवसांची रजा काढून वस्तीवर आला. येताना मोटारीच्या टपावर सायकल बांधून आणलेली. वहिनी दारातूनच म्हणाल्या, "अरे, गाडी असताना ही कशाला?" तो म्हणाला, "आई, ही खास मुरमाच्या रस्त्याची सायकल आहे. इटलीत लोक असल्या सायकलीवर द्राक्षाच्या मळ्यांतून हिंडतात." वहिनी म्हणाल्या, "मग सकाळी बागेत ये. विरळणीला माणूस कमीच आहे."

मी मात्र त्या सायकलीचं चाक निरखून पाहिलं. टायरवर ७०० × ४० असं छापलेलं. म्हणजे रुंदी ४० मिलिमीटर. मग गोठ्यात टांगलेली आमच्या वडिलांची काळी सायकल खाली काढली. तिच्या टायरवर २८ × १½. दीड इंचाचे मिलिमीटर करा, अडतीस होतात! म्हणजे जी रुंदी आज शहरातली पोरं हौसेनं विकत घेतात, तिच्यावरून आमचे वडील दुधाच्या किटल्या लावून वीस वर्षं मुरमातून ये-जा करत होते. फरक आहे तो वजनात आणि गिअरमध्ये. त्याची सायकल एका हातानं उचलते, आमची उचलायला दुसरा माणूस हाक मारून बोलवावा लागतो.

दोन्ही सायकलींत हवा भरली. पुतण्या म्हणाला, "काका, टणक भरू नका. थोडी कमी ठेवली की टायर खड्यावर दबतं आणि हादरा हाताला लागत नाही." खरंच लागला नाही. पण फार कमी ठेवली तर दगडावर रिम आपटून ट्यूब चिमटते, तेही ध्यानात असू द्या. आणि आपल्याकडं बाभळीचा काटा आहेच. पंक्चरचं सामान आणि हातपंप कॅरिअरला बांधल्याशिवाय माळावर जाऊ नका.

पहाटे निघालो. नान्नजच्या माळावर उजाडलं. हा भाग तुमच्यापैकी पुष्कळांनी एस.टी.च्या खिडकीतून पाहिला असेल, पण सायकलवरून तो वेगळाच दिसतो. एका अंगाला बुटक्या गवताचा पिवळा माळ, १९७९ साली माळढोकासाठी राखलेला, आणि दुसऱ्या अंगाला हिरव्या बागा. माळढोक आता क्वचितच कुणाच्या नजरेस पडतो. आम्हाला काळविटांचा कळप दिसला, तेवढ्यावर समाधान मानलं. एक गोष्ट मुद्दाम सांगतो. रस्ता सोडून माळावर सायकल घालू नका. तिथली पाखरं जमिनीवरच अंडी घालतात.

आणि नान्नजच्या द्राक्षांबद्दल काय सांगावं! इथल्या नानासाहेब काळे यांनी १९७७ च्या सुमारास थॉमसनच्या बागेतली एक वेगळी फांदी हेरली, तिच्या काड्यांची कलमं वाढवली, आणि लांब मण्यांची सोनाका जगाला दिली. पुढं रशियाकडून आलेल्या किशमिश चोर्नी या काळ्या जातीतून त्यांनीच शरद सीडलेस निवडली. कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेत नव्हे, तर बांधावर उभं राहून, नजर ठेवून. माझं मत विचाराल तर अशी नजर चालण्याच्या किंवा सायकलीच्या वेगालाच येते. मोटारसायकलवरून वेल दिसतो, फांदी दिसत नाही.

मार्डीला यमाईचं दर्शन घेतलं, चहा घेतला, आणि सीनेच्या अंगाला उतार लागला. मुरूम संपला, काळी रान सुरू झाली, बागा मागं पडून ऊस आला. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला आलेला पूर तुम्ही विसरला नसालच. काठच्या बाभळींवर डोक्याच्याही वर अजून चिंध्या आणि पाचट लोंबत होतं. कुठं कुठं रानातली माती खरवडून गेली आहे, आणि तिच्याबरोबर नदीकडच्या वाटाही. एका ठिकाणी वाट अर्ध्यात तुटली आणि आम्हाला सायकली खांद्यावर घ्याव्या लागल्या. त्याची त्यानं घेतली. माझी दोघांनी मिळून.

तिथं सावलीला बसून भाकरी सोडली आणि पुतण्यानं मला इटलीची हकिकत सांगितली. ती तुम्हाला सांगण्यासारखी आहे.

इटलीत सिएना आणि फ्लॉरेन्स या दोन शहरांच्या मधे कियान्ती नावाचा डोंगराळ भाग आहे. टेकड्यांवर द्राक्षबागा, मधे ऑलिव्हची झाडं. तिथल्या वाटा चुनखडीच्या, म्हणून पांढऱ्या. त्यांना नावच पांढरे रस्ते. आपल्या तांबड्या मुरमाच्या वाटांच्या त्या बहिणी म्हणा ना. या वाटा कुणी पडल्या? अर्धेलीनं जमीन कसणाऱ्या कुटुंबांनी. पीक निघालं की निम्मं मालकाचं, निम्मं कसणाऱ्याचं, अशी तिथली शेकडो वर्षांची रीत होती, आणि प्रत्येक कुटुंब शेतातच घर करून राहायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर ही माणसं कारखान्यांकडं निघून गेली. १९६४ साली तिथल्या सरकारनं कायदा करून अर्धेलीचे नवे करार बंद केले. घरं ओस पडली आणि वाटांना कुणी वाली उरला नाही. उरलेल्यांवर डांबर पडू लागलं.

तेव्हा १९९७ साली गायोले नावाच्या गावातून ९२ माणसं जुन्या सायकली घेऊन या पांढऱ्या वाटांनी निघाली. हेतू एकच, या वाटा वापरात आहेत हे दिसावं. त्या फेरीचं नाव एरोइका. आता तिथं हजारोंनी लोक येतात, आणि सायकल १९८७ च्या आधीच्या घडणीची असावी असा दंडक आहे. आमच्या वडिलांची चालली असती! वाटेत थांबे असतात, तिथं पाव, भाजीचं दाट कालवण आणि गावची वाइन मिळते. २००७ पासून तर त्याच वाटांवर पट्टीच्या सायकलपटूंची मोठी शर्यत भरते आणि सिएनाच्या चौकात संपते. वाटा टिकल्या, गावात चार पैसे आले. पाऊस पडला की मात्र तिथंही आपल्यासारखाच राडा. २०१० साली इटलीच्या मोठ्या शर्यतीतला एक टप्पा या वाटांवर चिखलात झाला, तेव्हा कोण कुठल्या संघाचा ते ओळखू येईना.

हे ऐकून मी म्हणालो, "आपल्याकडं कुणाला मुरमाचा रस्ता ठेवायचाय? जो तो डांबर मागतो." आणि ते चुकीचं नाही. रस्त्याकडेच्या बागेवर धूळ बसून मण्यांची लाली-झळाळी जाते, म्हणून आपल्या बायका कुंपणाला जुन्या साड्या बांधतात. पावसाळ्यात काळ्या रानातून दवाखान्यात माणूस न्यायचा म्हणजे काय, ते ज्यानं नेलंय त्याला विचारा. तेव्हा इटलीवाल्यांची हौस आपण जशीच्या तशी उचलावी असं मी म्हणत नाही.

पण परतताना आमच्याच पाणंदीला लागलो, आणि पुतण्यानं ब्रेक लावला. "काका, आपली पाणंद कुठं गेली?"

मी त्या पाणंदीनं रोज जातो. मला ती दिसतच नव्हती. लहानपणी तिच्यातून दोन बैलगाड्या एकमेकींना घासून का होईना पार व्हायच्या. आता सायकलवर जाताना एका अंगाला आमच्या बागेच्या ताणाच्या तारा, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याचं काटेरी कुंपण. पुतण्यानं घरातून टेप आणला. अरुंद जागी भरले नऊ फूट. गावच्या नकाशावर ती गाडीमार्ग म्हणून आहे, आणि गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फुटांचा असतो. नुसती पायवाट असली तरी तिला सव्वाआठ फूट धरतात. आमच्या बाजूचा हद्दीचा दगड शोधला, तर तो मांडवाच्या आत साडेतीन फुटांवर, वेलीच्या बुंध्याशी सापडला. म्हणजे कडेची सबंध ओळ पाणंदीत. लावली कुणी? आमच्या दादानंच, बारा वर्षांपूर्वी. त्यानं काही चोरी म्हणून लावली नव्हती. बैलगाड्या बंद झाल्या होत्या, वाट रिकामी दिसत होती, एक ओळ जास्तीची बसत होती.

मंडळी, या पाणंदीच्या मागं पाच वस्त्या आहेत. व्यापाऱ्याची गाडी आत येत नाही, म्हणून त्यांची बायामाणसं द्राक्षाची क्रेट डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत येतात. पावसाळ्यात शाळेच्या पोरी चपला हातात घेऊन जातात. हे आम्ही रोज बघत होतो आणि सरकारला नावं ठेवत होतो.

तुमच्याकडं असं असेल तर कायदा ठाऊक असू द्या. वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडं दाद मागता येते. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वाट मुळातच नसेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून मागता येते. पाणंद पक्की करायला २०२१ साली मातोश्रींच्या नावची योजना निघाली, पण आधी पाणंद मोकळी हवी. त्यासाठी पहिलं काम म्हणजे गावनकाशाची नक्कल काढून वाट पायी नाहीतर सायकलवर हिंडायची.

संध्याकाळी पुतण्यानं बापाला टेप दाखवला. दादा काही बोलला नाही, उठून मोटर बंद करायला गेला. त्या ओळीत साठ वेली आहेत, सगळ्या सोनाकाच्या, आणि घड असे की बघत राहावं. रात्री जेवताना ताटाकडं बघत म्हणाला, "खरड छाटणीच्या आधी काढू."

"माल उतरल्यावर काढा," वहिनी म्हणाल्या. "घडासकट वेल तोडलेला मला बघवायचा नाही."

शेजाऱ्याकडं अजून कुणी गेलेलं नाही. त्याच्याकडचे चार फूट आहेत आणि त्याच्याशी आमचं तीन वर्षं बोलणं नाही. दादा म्हणतो, आपली ओळ निघाल्यावर जाईन, त्याआधी तोंड कुठल्या तोंडानं उघडू? पुतण्या पुण्याला गेला. सायकल घेऊन गेला, टेप मात्र इथंच ठेवून गेला आहे.