एका गुडघ्यावरचे रांगणे

देवघरातल्या रांगत्या बाळकृष्णाची मूर्ती नीट पाहिली, तर त्याचा एक गुडघा जमिनीला टेकलेला दिसतो आणि दुसरा वर उचललेला. एक हात जमिनीवर, दुसऱ्यात लोण्याचा गोळा. घरोघरी पुजल्या जाणाऱ्या या बाळाचे रांगणे डावीकडे-उजवीकडे सारखे नाही आणि त्यात कुणाला खोट वाटत नाही. घरातले नऊ-दहा महिन्यांचे खरेखुरे बाळ मात्र असेच एक गुडघा टेकून, दुसऱ्या पायाचा तळवा रोवून खोलीभर फिरू लागले, की घरात दोन तट पडतात. आजी म्हणते, "त्याचा बाप पण असाच फिरायचा, चालायला लागलं की सगळं सरळ होतंय." आईच्या मोबाइलवर कुणी तरी पाठवलेला व्हिडिओ सांगतो, की मूल नीट रांगले नाही तर पुढे त्याला वाचता-लिहिताना अडचण येते.

आजीचे म्हणणे बहुतेक वेळा खरे ठरते. व्हिडिओतले म्हणणे बहुतेक वेळा खोटे असते. तरीही या दोघींच्या मध्ये थोडी बाळे अशी राहतात, की ज्यांच्या बाबतीत 'होईल सरळ' म्हणत काढलेले चार-सहा महिने पुढे भरून काढणे अवघड जाते. ती बाळे ओळखायची कशी, हा खरा प्रश्न आहे.

आधी आजीची बाजू. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या 816 निरोगी मुलांच्या हालचालींचा मागोवा घेतला आणि 2006 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हात-गुडघ्यांवर रांगण्याचे वय या मुलांत सव्वापाच महिन्यांपासून साडेतेरा महिन्यांपर्यंत पसरलेले आढळले. शंभरातली चारेक मुले तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. कुणी बसल्या जागेवरून बूड घासत पुढे सरकते, कुणी पोटावर सैनिकासारखे सरपटते, कुणी थेट उभे राहून पलंग धरून चालू लागते. बूड घासत फिरणारी बाळे थोडी उशिरा चालतात आणि ही सवय अनेकदा घराण्यातच असते. म्हणजे आजीला आठवणारा 'त्याचा बाप' हा पुरावा अगदीच टाकाऊ नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2022 मध्ये बालविकासाच्या टप्प्यांची यादी सुधारली, तेव्हा त्यातून रांगणे वगळले. मुलामुलांत एवढा फरक असलेली गोष्ट सगळ्यांसाठी मोजपट्टी म्हणून चालत नाही.

वाचन आणि रांगण्याचे नाते जोडणारी कल्पना जुनी आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या डोमन आणि डेलाकाटो यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर असे मांडले, की मेंदू पायरी-पायरीने घडतो. रांगण्याची पायरी चुकली तर पुढच्या पायऱ्या कच्च्या राहतात. त्यासाठी मोठ्या मुलांनाही दिवसातून अनेक वेळा जमिनीवर पालथे घालून, माणसे लावून त्यांचे हातपाय हलवले जात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1968, 1982 आणि पुन्हा 1999 मध्ये या पद्धतीला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले. पद्धत मागे पडली, भीती मात्र नव्या पॅकिंगमध्ये विकली जाते आहे. महागड्या रबरी चटया, 'ब्रेन बूस्टर' वर्ग, रांगायला शिकवणारी बॅटरीवरची खेळणी. एखाद्या बापाचा महिन्याचा पगार त्यात सहज जिरतो.

आता राहिली ती थोडी बाळे.

एक पाय वापरायला आवडत नाही आणि एक पाय वापरता येत नाही, यातला फरक रांगण्यापेक्षा इतर वेळीच जास्त कळतो. बाळ आळीपाळीने दोन्ही हातांनी खेळणे उचलते का? वर्षाच्या आत मूल डावरे की उजवे हे ठरत नाही. दहाव्या महिन्यात बाळ प्रत्येक वस्तूसाठी एकच हात पुढे करत असेल आणि दुसऱ्याची मूठ आवळलेली राहत असेल, तर 'आमचं डावरं निघणार' असे म्हणून कौतुक करू नये. रांगताना त्याच बाजूचा पाय दोरीला बांधल्यासारखा मागून ओढला जात असेल, उभे केल्यावर त्या पायाची टाच टेकत नसेल, तर शरीराच्या एका बाजूचे स्नायू चालवणाऱ्या मेंदूच्या भागाला जन्माच्या आसपास इजा झाली असण्याची शक्यता तपासावी लागते. यालाच सेरेब्रल पाल्सीचा एक प्रकार म्हणतात. कमी दिवसांचे, कमी वजनाचे, जन्मतः न रडलेले किंवा नवजात अतिदक्षता कक्षात राहून आलेले बाळ असेल तर विशेषच. पूर्वी हे निदान दीड-दोन वर्षांनी होई. आता प्रशिक्षित डॉक्टरांना पहिल्या सहा महिन्यांतही त्याचा अंदाज बांधता येतो आणि उपचार जितके लवकर सुरू होतात, तितकी ती बाजू मुलाच्या उपयोगाला येते.

दुसरी शक्यता खुब्याची. मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत नीट बसलेला नसेल तर वेदना होत नाहीत, त्यामुळे बाळ रडत नाही आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही. लंगोट बदलताना एक मांडी दुसरीइतकी बाजूला उघडत नाही, दोन्ही गुडघे दुमडून पाय शेजारी ठेवले तर एक गुडघा खाली दिसतो. मुलींत, पायाळू बाळांत आणि घरात कुणाला हा त्रास असेल तिथे हे प्रमाण अधिक. बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट गुंडाळण्याची पद्धत खुब्याला घातक ठरते. आपल्याकडच्या बायका बाळाला कडेवर घेतात, तेव्हा त्याचे दोन्ही पाय फाकलेले असतात; ती बैठक मात्र खुब्याला फार चांगली. एकाच घरात एक रीत बाधक आणि दुसरी तारक असते, ती अशी. सहा महिन्यांच्या आत कळले तर बहुधा पट्ट्यावर भागते. चालायला लागल्यावर कळले तर शस्त्रक्रियेची पाळी येऊ शकते.

तिसरे कारण साधे आणि पुष्कळदा सुटणारे: मान. एका बाजूचा मानेचा स्नायू आखडलेला असेल तर बाळ सदैव एकाच दिशेला पाहते, डोके मागून एका बाजूला चपटे होते आणि सगळे शरीर त्याच बाजूला झुकते. फिजिओथेरपिस्टने दाखवलेले सोपे ताण घरी दिले की पहिल्या काही महिन्यांत यात चांगली सुधारणा होते.

यातले काहीच दिसत नसेल, दोन्ही हात सारखे चालत असतील आणि बाळ आठवड्यागणिक नवे काही करत असेल, तर ते रांगणे निव्वळ त्याच्या सोयीचे आहे. ही सोय बऱ्याचदा घरानेच लावलेली असते. जुन्या घरांतली शेणाने सारवलेली जमीन किंवा खरबरीत शहाबादी फरशी गुडघ्याला पकड द्यायची. आताच्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर, त्यातही पायमोजे आणि लांब फ्रॉक घातलेल्या बाळाचा गुडघा घसरतो, फ्रॉक गुडघ्याखाली अडकतो, मग ते शहाणपणाने एक तळवा रोवते. त्यावर पहिला उपाय फुकटचा आहे. पाय उघडे, कपडे आखूड आणि खाली सतरंजी किंवा जाडसर घोंगडी. अनेक बाळांचे रांगणे एवढ्यानेच बदललेले दिसते.

दुसरी सवय मोठ्यांची. आई उजव्या हाताने काम करते, म्हणून बाळ कायम डाव्या कडेवर. पाळण्याची एकच बाजू भिंतीकडे, त्यामुळे बाळ उजेडाकडे एकाच बाजूने वळते. भरवणारी व्यक्तीही त्याच बाजूला बसते. कड बदलावी, पाळण्यात डोके कधी या टोकाला तर कधी त्या टोकाला ठेवावे, हाक दुसऱ्या बाजूने मारावी. जागेपणी बाळाला पालथे ठेवून समोर बसावे. सुरुवातीला दोन-तीन मिनिटे पुरतात, दिवसातून चार-पाच वेळा. झोपवताना मात्र उताणेच. बसलेल्या बाळाला ज्या बाजूने रांगायला उतरण्याची सवय आहे, तिच्या उलट बाजूला हातभर अंतरावर वाटी-चमचा ठेवावा, म्हणजे वजन दुसऱ्या मांडीवर घ्यावे लागते. आईने पाय पसरून बसावे आणि बाळाला ते ओलांडून पलीकडे जाऊ द्यावे. मांडी ओलांडताना एका तळव्यावरची युक्ती चालत नाही, दोन्ही गुडघे वापरावेच लागतात. उशांचा छोटा ढीग, एखादी पायरी चढणे हाही तसाच खेळ, अर्थात मागे माणूस बसलेला हवा. पलंग धरून उभे राहताना बाळ नेहमी तोच पाय आधी उचलत असेल, तर त्या पायाच्या गुडघ्यावर हलका हात ठेवून दुसऱ्या पायाला संधी द्यावी. बाळ चिडले की थांबावे. लाल मातीतला वस्तादसुद्धा पोराला एका दिवसात पैलवान करत नाही.

काही गोष्टी करू नयेत. चांगला हात किंवा पाय बांधून ठेवू नये. असा उपचार अस्तित्वात आहे, पण तो थेरपिस्टच्या देखरेखीखाली मोजून-मापून केला जातो. मालीश जरूर करावे, मात्र त्यानंतर हातपाय ओढणे, आवाज येईपर्यंत सांधे वळवणे, बाळाला पायांनी धरून उलटे लटकवणे बंद करावे. चाकांचा, मध्ये बसवायचा वॉकर आणू नये. त्यात बाळ पायाच्या बोटांनी जमीन ढकलते, गुडघे आणि पाठ कामाला लागत नाहीत आणि जिन्यावरून कोसळण्याचा धोका वेगळाच. कॅनडाने 2004 मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. मागून ढकलत चालायचा आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. बाळ स्वतः उभे राहू लागल्यावर तो बरा. जमिनीवर बाळ सोडायचे म्हणजे खाली शेंगदाणे, बटणे, चहाचा कप आणि प्लगची वायर नाही ना, हेही पाहायला हवे.

दोन-तीन आठवडे असे करून फरक पडला नाही, तर डॉक्टरांकडे जाताना वर्णनापेक्षा व्हिडिओ न्यावा. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट ठेवून, समोरून आणि मागून एकेक मिनिट. दवाखान्यात बाळ रडते आणि रांगत नाही, त्यामुळे हा एक मिनिट फार उपयोगी पडतो. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाचे वय मोजताना ते दोन महिने वजा करावेत, नाही तर नसता घोर लागतो. पण रांगणारे बाळ अचानक पाय टेकेनासे झाले, तापले किंवा आधी येत असलेली गोष्ट विसरले, तर तीन आठवडे कशाला, त्याच दिवशी दाखवावे.

यात सरकारी व्यवस्थेची बाजू तितकीच महत्त्वाची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघरहून झाली. जन्मजात दोषांबरोबर विकासातला विलंब शोधणे हा त्याचा एक हेतू, खुब्याचा दोष त्याच्या यादीत आहे आणि संशयित बाळांना जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची सोयही ठरलेली आहे. 'एचबीवायसी' कार्यक्रमात आशा सेविकेने तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जायचे असते. नववा महिना म्हणजे गोवर-रुबेलाच्या पहिल्या लशीचाही काळ. याच वयात बहुतेक बाळे रांगतात. उपकेंद्रात बाळ येते, सुई टोचली जाते, कार्डावर शिक्का पडतो आणि ते आईच्या कडेवरून न उतरता घरी परतते. लस देण्याआधी त्याला दोन मिनिटे सतरंजीवर सोडले, दोन्ही हातांपुढे खुळखुळा धरला आणि मांड्या उघडून पाहिल्या, तर वेगळा खर्च काहीच येणार नाही. त्यासाठी आशा आणि परिचारिकांना नेमके काय पाहायचे ते दाखवावे लागेल, आणि शंका आल्यास बाळ कुणाकडे पाठवायचे याचा फोन नंबर भिंतीवर लिहिलेला असावा लागेल. शहरात सीपीआरसारखे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, खासगी बालरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट आहेत. चंदगड किंवा गगनबावड्याच्या वाडीतल्या आईसाठी मात्र ती सतरंजी हाच पहिला तपासणी कक्ष ठरेल.

आणि या जिल्ह्यात अशी काही बाळे असतात, ज्यांच्यापर्यंत ती सतरंजीही पोहोचत नाही. गळीत हंगाम सुरू झाला, की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कुटुंबे कोल्हापूरच्या कारखान्यांकडे येतात. पहाटे फडात गेलेल्या आईचे बाळ झोळीत किंवा कोपीत मोठ्या भावंडाजवळ असते. रांगायला सोडावे तर भोवती ऊस तोडल्यावर राहिलेली टोकदार खोडवी, बैलांचे पाय आणि साप-विंचवांची भीती. म्हणून ते झोळीतच ठेवले जाते. त्याच्या नवव्या महिन्याची गृहभेट गावाकडच्या आशाच्या वहीत असते आणि बाळ हातकणंगले किंवा शिरोळच्या शिवारात. ते एका पायावर रांगते आहे का, हे पाहणारे कुणी नसते, कारण ते रांगतच नाही. हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. पाचव्या महिन्यात आलेले बाळ परत जाते तेव्हा दहा महिन्यांचे झालेले असते. कारखान्यांच्या तळावर आठवड्यातून एकदा येणारे आरोग्य पथक आणि कोप्यांजवळ चार बांबूंच्या आत अंथरलेली, राखण असलेली स्वच्छ जागा, एवढी मागणी कारखाना आणि जिल्हा परिषद यांनी मिळून पुरवावी अशी आहे. पुढचा हंगाम सुरू होण्याआधी ती ठरवता येईल.