निवड की नाइलाज?

मुळशी तालुक्यातील पिरंगुटच्या कारखान्यांत राबणारा कंत्राटी कामगार नोकरी सुटली की भविष्यनिर्वाह निधी काढून घेण्याच्या खटपटीला लागतो. शहरातील अर्थपंडित त्याला अदूरदर्शी ठरवतात. हातचा पैसा उडवू नये, जुनी सेवा नव्या नोकरीस जोडून घ्यावी आणि उतारवयात निवृत्तिवेतन घ्यावे, हा त्यांचा उपदेश. तो हिशेबाला धरून आहे. मात्र त्या हिशेबात कामगाराची चूल कोठेच नाही.

हिशेब पाहू. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ साली आली. दहा वर्षांची सेवा भरली तरच तीत निवृत्तिवेतनाचा हक्क लाभतो. २०१४ साली ठरलेली १५,००० रुपयांची वेतनमर्यादा धरली आणि तीन कंत्राटदारांकडे अनुक्रमे तीन, तीन व चार वर्षे काम झाले, तर दर वेळी रक्कम उचलणाऱ्याच्या पदरी एकूण १,४९,२५० रुपये पडतात. तीच दहा वर्षे जोडली असती, तर अठ्ठावन्नाव्या वर्षापासून तहहयात दरमहा सुमारे २,१४३ रुपये मिळाले असते. सहा वर्षांच्या आतच उचललेली रक्कम वसूल होते; पुढचे सारे निव्वळ नुकसान.

मग कामगार मूर्ख आहे काय? मुळीच नाही. कंत्राट संपते त्या दिवशी वाण्याची उधारी, मुलांची फी आणि खोलीचे भाडे संपत नाही. शिवाय ज्या २,१४३ रुपयांची आशा दाखवली जाते, त्यांना महागाईभत्त्याची जोड नाही. वीस वर्षांनी त्या रकमेत किती ज्वारी येईल, हे सांगण्यास कोणी पंडित पुढे येत नाही. एका बाजूस आजची भूक, दुसऱ्या बाजूस उद्याची भीक. याला निवड म्हणणे ही क्रूर थट्टा आहे.

सरकारने यावर उपाय कोणता शोधला? ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय विश्वस्त मंडळाने निवृत्तिवेतनाची रक्कम काढण्यासाठीची प्रतीक्षा दोन महिन्यांवरून छत्तीस महिन्यांवर नेण्याचा निर्णय घेतला. सेवा तुटू नये, हा हेतू सांगितला गेला. सेवा तोडतो कोण? कंत्राट तोडणाऱ्यावर बंधन नाही. कुलूप लागले ते बेकाराच्या पैशाला.

याच मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. रोख मोबदला सरतो, जमीन पिढ्यान्‌पिढ्या पोसते, हे त्यांना अर्थशास्त्र न शिकता कळले होते. आजच्या कामगाराची जमीन म्हणजे त्याची अखंड सेवा. ती तुकड्यातुकड्यांनी रोखीत विकायला लावणारी व्यवस्था तीच आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी कारखान्याच्या दारी जाऊन केवळ ‘पैसे काढू नका’ एवढेच सांगून भागणार नाही. कंत्राटी कामगाराच्या वर्गणीची जबाबदारी १९५२ च्या योजनेने मूळ मालकावर टाकली आहे. सेवेच्या सलगतेची जबाबदारीही त्याच्यावरच आली पाहिजे. बेकारीच्या काळात निर्वाहभत्ता आणि निवृत्तिवेतनाला महागाईची जोड, या मागण्या तिच्यासोबतच लढवाव्या लागतील. त्या पदरात पडतील तेव्हाच कामगारापुढे खरी निवड उभी राहील. तोवर त्याला दूरदृष्टीचे धडे देण्याचा अधिकार कोणालाही नाही.