विश्लेषण : खांद्यातील कंडरा फाटली, की शस्त्रक्रिया करावीच लागते?

खांदेदुखीसाठी एमआरआय काढला आणि अहवालात ‘रोटेटर कफ टेअर’ असे लिहून आले, की अनेकांना शस्त्रक्रिया अटळ वाटते. गेल्या काही वर्षांतील चाचण्यांनी मात्र यातील काही शस्त्रक्रियांच्या उपयुक्ततेवरच प्रश्नचिन्ह लावले आहे.

रोटेटर कफ म्हणजे काय?

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा. खांद्याच्या उथळ खोबणीत दंडाच्या हाडाचा गोल माथा चार स्नायूंच्या कंडरा धरून ठेवतात. या चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. वयानुसार कंडरा झिजतात. साठीनंतर अनेकांच्या कंडरा फाटलेल्या आढळतात, पण त्यातील बऱ्याच जणांना काहीच त्रास नसतो. म्हणून केवळ एमआरआयवरून निर्णय घेता येत नाही.

दुरुस्ती कशी करतात?

फाटलेले टोक ओढून दंडाच्या हाडावर आणले जाते आणि हाडात बसवलेल्या, धागे जोडलेल्या छोट्या ‘अँकर’ने बांधले जाते. पूर्वी यासाठी खांदा उघडावा लागे. आता बहुधा दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते. ब्रिटनमध्ये २७३ रुग्णांवर या दोन पद्धतींची तुलना झाली, तेव्हा दोन वर्षांनंतर परिणामांत लक्षणीय फरक दिसला नाही.

शंका कोणत्या शस्त्रक्रियांबद्दल?

कंडरा पूर्ण फाटलेली नसताना तिच्यावरचे हाड तासून जागा करण्याची ‘डीकम्प्रेशन’ शस्त्रक्रिया जगभर होत आली. ब्रिटनमधील ३१३ रुग्णांच्या चाचणीत (२०१८) काहींना केवळ दुर्बीण घालून तपासले, हाड तासले नाही. दोन्ही गटांना सारखाच आराम मिळाला. दुरुस्त न होणाऱ्या कंडरेसाठी खांद्यात विरघळणारा फुगा बसवण्याचे तंत्रही असेच. अमेरिकेत त्याला २०२१ मध्ये परवानगी मिळाली. पण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत फुगा न बसवता फक्त साफसफाई केलेल्या रुग्णांची प्रकृती अधिक चांगली राहिली.

मग थांबणे कधी महागात पडते?

पडल्याने किंवा अपघाताने कंडरा अचानक फाटली आणि हात वर उचलेनासा झाला, तर लवकर तज्ज्ञांना दाखवावे. उशीर झाल्यास कंडरा आखडून मागे सरकते, स्नायूत चरबी साठते आणि ती जोडणे अवघड होते. याउलट, झिजून हळूहळू फाटलेल्या कंडरेसाठी आधी व्यायामोपचार करून पाहता येतात. अमेरिकेतील अशा ४५२ रुग्णांपैकी दोन वर्षांत पाव हिश्श्यापेक्षाही कमी जणांना शस्त्रक्रिया करावी लागली.

शस्त्रक्रियेनंतर काय?

काही आठवडे हात झोळीत ठेवावा लागतो, पुढे अनेक महिने व्यायाम. जोडलेली कंडरा पुन्हा फाटू शकते. वय आणि फाटीचा आकार वाढतो तसा हा धोकाही वाढतो. त्यामुळे होकार देण्यापूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात : कंडरा पूर्ण फाटली आहे का, ती अचानक फाटली की झिजून, आणि स्नायू अजून चांगल्या स्थितीत आहे का?